लॅरी होम्स घडला कुठल्या लढतीत? माझं मत: नॉर्टन, १९७८

डावा_जॅब

बॉक्सर लॅरी होम्सचं नाव निघालं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक, त्याने संपलेल्या मुहम्मद अलीला बदडलं. दोन, रॉकी मार्सियानोच्या ४९-० ला (४९ विजय, एकही पराभव नाही) गाठायला त्याला एक विजय कमी पडला. सात वर्षं हेवीवेटचा, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचा, किताब कमरेला बांधून फिरलेल्या माणसाची ओळख एका केविलवाण्या विजयावर आणि एका पराभवावर संपावी, हे मला पटत नाही. होम्स घडला ९ जून १९७८ ला, लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये, केन नॉर्टनसमोर. बाकी सगळं त्यानंतरचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: त्या फेब्रुवारीत लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं आणि नॉर्टनशी लढायचं सोडून पुन्हा अलीशीच लढायचं ठरवलं. चिडलेल्या डब्ल्यूबीसीने (किताब देणाऱ्या संघटनांपैकी एक) त्याचा किताब काढून नॉर्टनला देऊन टाकला. होम्स तेव्हा २८ वर्षांचा, अपराजित, पण लोकांच्या लेखी अलीचा स्पारिंगवाला, म्हणजे सरावातला जोडीदार. 'थ्रिला इन मनिला'च्या (अली विरुद्ध जो फ्रेझर) दिवशी हाही मनिलातच लढला होता, मुख्य सामन्याच्या आधी. कुणाला आठवतंय? जॅब (सरळ, झटपट ठोसा) देखणा आहे हे सगळे मान्य करायचे, पण मार खाऊन उभा राहील का, याची खात्री कुणालाच नव्हती.

त्यात सामन्याच्या आधी सरावात डाव्या हाताचा स्नायू दुखावलेला. ज्याचा सगळा खेळ डाव्या जॅबवर, त्याचा डावा हात! तरी सुरुवातीच्या फेऱ्या त्याने त्याच हाताने काढल्या. मग नॉर्टन दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून, पाय ओढत ओढत आत शिरायला लागला आणि हिशेब बरोबरीत आला. पंधराव्या फेरीत बचाव वगैरे काही उरलाच नाही. दोघं रिंगच्या मधोमध उभे राहून ठोसे देत-घेत होते, आणि शेवटच्या काही सेकंदांत नॉर्टन हलला. तिन्ही जजेसचे आकडे एकच: १४३-१४२. दोघांचे होम्सकडे, एकाचे नॉर्टनकडे. त्या दोघांपैकी एकाने कुठलीही एक फेरी उलटी दिली असती तर आज आपण नॉर्टनवर धागा काढला असता.

मान्य नसेल तर या मैदानात.

घंटा_वाजली

लेख आवडला, निष्कर्ष साफ अमान्य. सर्वोत्तम लढत आणि निर्णायक लढत यात तुम्ही गल्लत करताय. ज्या लढतीने जगाचं त्याच्याबद्दलचं मत कायमचं ठरलं, ती निर्णायक. आणि ती २ ऑक्टोबर १९८० ची, अलीविरुद्धचीच आहे, तुम्हाला आवडो न आवडो.

अली तेव्हा ३८ वर्षांचा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तो भारतात येऊन मद्रासला जिमी एलिसबरोबर प्रदर्शनीय सामना खेळून गेला होता, तेव्हाच पोट सुटलेलं होतं. होम्सशी लढताना मात्र सडपातळ, केस काळे केलेले. लोकांना वाटलं जुना अली परत आला. खरं कारण थायरॉइडच्या गोळ्या. वजन उतरलं आणि त्याबरोबर ताकदही. दहा फेऱ्यांत त्याने एकही फेरी जिंकली नाही. होम्स मारता मारता रेफ्रीकडे बघतोय, की बाबा, थांबव आता. रेफ्री ढिम्म. शेवटी दहाव्या फेरीनंतर अलीच्या ट्रेनरने, अँजेलो डंडीने, सामना थांबवला. अलीच्याच कोपऱ्यातला बुंदिनी ब्राउन 'अजून एक फेरी' म्हणून अडून बसला होता, डंडीने त्याला झटकलं. अली आयुष्यात निकालाआधी थांबवला गेला तो एवढ्या एकदाच, आणि थांबवणारा त्याचाच माणूस.

ज्याच्या सरावाला जाऊन होम्सने डोळा काळानिळा करून घेतला आणि त्यावर अभिमानाने बर्फसुद्धा लावू दिला नाही, त्यालाच असं मारावं लागलं. जिंकूनही होम्स रडला. यापुढे नॉर्टन कुठे बसतो?

डावा_जॅब

@घंटा_वाजली, म्हणजे जगाने चुकीचं मत बनवलं म्हणून आपणही तेच धरून बसायचं? त्या रात्री अलीबद्दल खूप काही कळलं. होम्सबद्दल नवीन काय कळलं? तो जिंकणार हे तर तुमच्याच वर्णनातून दिसतंय. दयाळू होता, एवढंच. ते नॉर्टनच्या आधीही होता.

जुनाजाणता

तुम्हा दोघांच्या भांडणात कूनी राहिला की हो. ११ जून १९८२.

त्या लढतीचं वातावरण वाचलं तरी अंगावर काटा येतो. जेरी कूनी गोरा, २५-०, डावा हूक (वळवून मारलेला ठोसा) भयंकर. अमेरिकेत गोरा हेवीवेट चॅम्पियन होऊन तेव्हा वीसएक वर्षं उलटली होती. आयोजक डॉन किंगने ती आग फुंकून फुंकून पेटवली. 'टाइम'च्या मुखपृष्ठावर कोण? कूनी, सोबत रॉकीवाला स्टॅलोन. चॅम्पियन होम्सला तिथे जागा नाही. मानधन दोघांना सारखंच. त्यावर कळस म्हणजे रिंगमध्ये नावं पुकारताना चॅम्पियनचं नाव शेवटी घेण्याचा रिवाज मोडून होम्सला आधी पुकारलं. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं! हॉटेलांच्या गच्च्यांवर बंदूकधारी पोलीस होते म्हणतात.

आणि एवढं सगळं डोक्यावर असताना होम्स मध्यभागी जाऊन कूनीला काय म्हणतो? चल, चांगली लढत देऊ या. दुसऱ्या फेरीत त्याला पाडलं, मग जॅबवर जॅब. तेराव्या फेरीत कूनीचा ट्रेनर व्हिक्टर व्हॅले स्वतः रिंगमध्ये शिरला.

नॉर्टनने त्याची छाती तपासली हे मान्य. पण नॉर्टनसमोर तो एका माणसाशी लढत होता. कूनीच्या वेळी निम्मा देश समोर होता.

पंधरावी_फेरी

@जुनाजाणता, वर्णन झकास, पण एक तपशील गाळलात. कूनीचे कमरेखालच्या ठोशांसाठी तीन गुण कापले गेले होते. ते कापले नसते तर बाराव्या फेरीअखेर दोन जजेसच्या कार्डावर कूनी पुढे असता. त्यामुळे 'होम्सने धुतला' ही कथा तितकी सरळ नाही.

जुनाजाणता

@पंधरावी_फेरी, कमरेखाली मारलं म्हणून गुण कापले, फुकट नाही कापले. आणि कूनी पुढे दिसतो हे जजेसचं कर्तृत्व, त्याचं नाही. माझ्या मुद्द्यालाच बळ देताय तुम्ही.

कोपऱ्यातला_माणूस

सगळेच होम्सच्या आरत्या ओवाळताय म्हणून थोडं खारट लिहितो. त्याच्या कारकिर्दीची व्याख्या न झालेल्या लढतींत आहे.

नॉर्टनशी एवढी अटीतटीची लढत झाली, मग परतीचा सामना का नाही? जून १९७९ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये माइक वीव्हरने घाम फोडला, बाराव्या फेरीत कसाबसा थांबवला. वीव्हर पुढे दुसऱ्या संघटनेचा, डब्ल्यूबीएचा, चॅम्पियन झाला, तरी पुन्हा गाठ नाही. मे १९८३ मध्ये टिम विदरस्पूनने विभागलेल्या निर्णयापर्यंत (जजेसमध्ये दुमत) नेलं, तिथेही पुन्हा नाही. ग्रेग पेज हा क्रमाने पुढचा दावेदार होता. त्याच्याशी लढायचं सोडून होम्सने कोणाला निवडलं? जो फ्रेझरच्या मुलाला, मार्व्हिसला, ज्याचे फक्त १० सामने झाले होते. पहिल्याच फेरीत खलास. डब्ल्यूबीसीने त्या लढतीला मान्यताच दिली नाही. मग यांनी तो किताब सोडून नुकत्याच जन्मलेल्या आयबीएफ संघटनेचा पट्टा घेतला.

२० वेळा किताब राखला, कबूल. पण त्यातले किती आज आठवतात?

डावा_जॅब

@कोपऱ्यातला_माणूस, पेजबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे मी होम्सची बाजू घेणार नाही. मार्व्हिसची लढत तर बघवत नाही. पण पळपुटा म्हणाल तर शेव्हर्सचं काय? मार्च ७८ ला १२ फेऱ्या एकतर्फी जिंकून झाल्यावर सप्टेंबर ७९ ला त्याच अर्नी शेव्हर्ससमोर पुन्हा उभा राहिला. ज्याच्या उजव्या हाताला अख्खा धंदा घाबरायचा, त्याच्याशी गरज नसताना! सातव्या फेरीत तोच उजवा बसला आणि होम्स लाकडासारखा आडवा झाला. उठला. अकराव्यात शेव्हर्सला थांबवलं. १९८१ ला रेनाल्डो स्नाइप्सनेही पाडलं, तेव्हाही उठून अकराव्यातच संपवलं. हे उठणं आलं कुठून? नॉर्टनच्या पंधराव्या फेरीतून.

डेलावेअरकाठी

मी होम्सच्या गावापासून, ईस्टनपासून, जवळच राहतो, पेनसिल्व्हेनियात. होम्स जॉर्जियात जन्मला, पण वाढला इथे. सातवीत शाळा सोडली, गाड्या धुतल्या. नदीकाठच्या रस्त्याला त्याचं नाव आहे आणि तिथेच त्याचा पुतळाही. पुतळ्यासाठी त्याला साठी ओलांडून पासष्टी गाठावी लागली.

इथल्या म्हाताऱ्या लोकांशी बोललं तर नॉर्टनही नाही आणि अलीही नाही, ते कूनीच म्हणतात. आणि लगेच पुढे सांगतात की कूनी आणि होम्स नंतर दोस्त झाले. माझं स्वतःचं मत मात्र फेब्रुवारी १९९२ च्या रे मर्सरला. मर्सर ८८ च्या ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, अपराजित. होम्स ४२ वर्षांचा. चार वर्षांपूर्वी टायसनने त्याला चौथ्या फेरीत तीनदा पाडून थांबवलेलं. लोक म्हणाले, पैशासाठी आलाय. आला आणि दोरांना पाठ टेकवून बारा फेऱ्या त्या पोराला शिकवणी दिली. अलीकडून घेतलेलं सगळं त्या रात्री वापरलं असं मला वाटतं.

घंटा_वाजली

मर्सर?! तो बोनस झाला हो. मग तर २००२ ची बटरबीनबरोबरची लढतही धरा.

शून्य_पराभव

कुणीच स्पिंक्सला हात घालत नाही म्हणून मी घालतो. २१ सप्टेंबर १९८५. मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला त्या दिवशी बरोबर तीस वर्षं झाली होती. होम्स ४८-०. समोर मायकल स्पिंक्स, लिऑनचा धाकटा भाऊ, लाइट हेवीवेटचा, म्हणजे हेवीवेटपेक्षा हलक्या गटाचा, राजा. त्या गटाचा सत्तेवरचा चॅम्पियन हेवीवेटचा किताब घेऊन जातो असं तोवर कधीच घडलं नव्हतं. होम्स सावकाश, जॅबची धार गेलेली, स्पिंक्स विचित्र कोनांतून मारतोय. पंधरा फेऱ्या, सर्वानुमते पराभव. दोन कार्डांवर पुन्हा तोच आकडा, १४३-१४२. डावा_जॅबराव, तुमच्या लाडक्या आकड्यानेच त्याला बुडवलं.

आणि नंतर तोंडाने उरलंसुरलं घालवलं. मार्सियानोचा भाऊ तिथे हजर असताना म्हणाला, मार्सियानोला माझा लंगोटसुद्धा उचलता आला नसता. बास. सात वर्षांची कमाई एका वाक्यात. अमेरिकेला त्याच्यावर प्रेम न करण्याचं कारण हवंच होतं, ते त्याने ताटात वाढून दिलं.

डावा_जॅब

@शून्य_पराभव, आकड्याचा टोला बसला. पण त्या वाक्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. सात वर्षं आधी अलीशी आणि मग मेलेल्या माणसाशी तुलना ऐकून घेतली होती त्याने. आणि एप्रिल ८६ चा परतीचा सामना? तो होम्सने जिंकला होता. मी फेरी-फेरी मोजून सांगू शकतो.

शून्य_पराभव

परतीचा सामना जिंकला होता, याला माझी ना नाही, तिथे जजेसनी घोटाळाच केला. पण ८५ चा नाही. नववी ते बारावी फेरी पुन्हा बघा आणि जॅब मोजा.

जुनाजाणता

नववी मी होम्सला दिली होती.