दहावर राहायचं की अकरावर जायचं?

बी-४०२ : नमस्कार. घरी दोन मशिन आहेत, दोन्हींवर विंडोज १०. डेस्कटॉप आय५-८४००, ८ जीबी रॅम, एसएसडी. लॅपटॉप आय५-६२००यू. दोन्हींकडे 'विंडोज ११ च्या अटींत बसत नाही' असं येतंय. नवीनच घ्यावे लागतील का?

ए-१०३ : ताई, डेस्कटॉप मोडीत काढू नका. इंटेलची आठवी पिढी यादीत आहे. टीपीएम (अकराला लागणारी सुरक्षेची चिप) बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असणार. रनमध्ये टीपीएम.एमएससी (tpm.msc) चालवा, मग एमएसइन्फो३२ (msinfo32) उघडून 'बायोस मोड' काय दिसतो ते सांगा.

बी-४०२ : टीपीएम सापडत नाही म्हणतंय. बायोस मोड लेगसी.

सी-२०१ : दहा व्यवस्थित चालतंय ना? अँटिव्हायरस आहे. उगाच चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?

डी-३०५ : काका, अँटिव्हायरस ओळखीच्या फायली पकडतो, सिस्टीममधलं भोक बुजवत नाही. दहा आणि अकराचा बराच कोड एकच आहे. अकराचा पॅच (भोक बुजवणारा अपडेट) आला की तो उलगडून भोक कुठे होतं ते कळतं, आणि पॅच न मिळालेल्या दहामध्ये ते तसंच उघडं असतं. दहाचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये संपला, तरी क्रोम २०२३ च्या सुरुवातीपर्यंत चालू होता. ब्राउझर चालतोय म्हणून सिस्टीम सुरक्षित, असं गणित नाही.

सी-२०१ : बरं. मग वेळ विकत घेता येतो का?

डी-३०५ : येतो. ईएसयू नावाची वाढीव मुदत आहे, घरगुती मशिनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी सिंक ठेवला तर पैसे पडत नाहीत. यात फक्त सुरक्षेचे पॅच येतात, नवीन सोयी नाहीत. ६२००यू लॅपटॉपला आज हेच करा.

ए-१०३ : आता डेस्कटॉप. क्रम चुकवू नका, इथेच लोक अडकतात. लेगसी म्हणजे मशिन जुन्या पद्धतीने सुरू होतं आणि डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. अकराला नवी यूईएफआय पद्धत आणि त्यासाठी जीपीटी पद्धतीची डिस्क लागते. बायोसमध्ये जाऊन आधीच सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय) बंद केला तर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' येईल. डेटा जात नाही, सीएसएम परत चालू केला की मशिन उठतं, पण घाम फुटतो.

म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा. बायोस बदलला की मशिन हीच की मागतं. ती नसेल तर डेटा कायमचा कुलूपबंद.

मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस (mbr2gpt /validate /allowFullOS). हे फक्त तपासतं, काही बदलत नाही. पास झालं तर व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट (convert), म्हणजे डिस्क जीपीटी होते. त्यानंतरच बायोसमध्ये सीएसएम बंद, पीटीटी, म्हणजे इंटेलचा टीपीएम, चालू (एएमडीच्या रायझेनवर त्याचं नाव एफटीपीएम), शेवटी सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सिस्टीमच सुरू होऊ देणारी तपासणी) चालू. सिक्युअर बूट चालू होत नसेल तर तिथेच फॅक्टरी कीज लोड करा.

ई-५०१ : एक भर. जुनं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी राहू शकते, कारण कार्डाच्या बायोसला यूईएफआय समजत नाही. कार्ड काढा, केबल मदरबोर्डच्या डिस्प्ले पोर्टला लावा.

बी-४०२ : लॅपटॉपवरही अकरा घुसवता येतं, असं व्हिडिओत दाखवतात. रुफसने की काय.

ए-१०३ : येतं. रुफस हा इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्रॅम, तो बनवताना टीपीएम आणि प्रोसेसरची तपासणी गाळतो. मासिक पॅच आज येतात, पण मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि मोठा वार्षिक अपडेट बहुधा आपोआप येत नाही, दरवेळी आयएसओ (विंडोजची पूर्ण इन्स्टॉल फाइल) उतरवून हाताने करावा लागतो. अकराच्या २४एच२ आवृत्तीपासून तर प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) नसेल तर बूटच होत नाही. कोअर टू ड्युओ त्यातच बाद. ६२००यू तिथे पास होईल, पण रोज वापरायच्या मशिनवर असली कसरत मी सुचवणार नाही.

डी-३०५ : ईएसयू संपल्यावर लॅपटॉपला लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) बघा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ८ जीबी पेनड्राइव्हवरून न बसवताच चालवून पाहता येतं. तसं चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर, स्कॅनर तपासा. केवळ विंडोजवर चालणारं एखादं सॉफ्टवेअर लागत असेल तर मिंट सोडा.

सी-२०१ : माझं दहा ३२ बिटचं आहे, ते?

ई-५०१ : काका, अकरा फक्त ६४ बिटमध्येच येतं. प्रोसेसर ६४ बिट असला तरी वरून अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉल लागतं. जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हरही ६४ बिटचा शोधा, ३२ चा बसत नाही.

ए-१०३ : अकरावर गेल्यावर १० दिवसांत परत फिरता येतं. तोवर विंडोज.ओल्ड फोल्डर (जुनं दहा त्यातच असतं) जागा कमी पडते म्हणून उडवू नका.

बी-४०२ : व्हॅलिडेट केलं. 'लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड'.

ए-१०३ : बहुधा चार प्रायमरी पार्टिशन आहेत. तीनपेक्षा जास्त चालत नाहीत, एक्स्टेंडेडही नको. डिस्क मॅनेजमेंटचा फोटो टाका. रिकव्हरीचं पार्टिशन कुठलं ते कळेपर्यंत काहीही डिलीट करू नका.