सेक्रेड गेम्स: सरताजला कडं मिळालं, माजिदच्या वाट्याला काय?

गिरगावकर:
नेटफ्लिक्सवरची सेक्रेड गेम्स सिरीज (२०१८ आणि २०१९) परत बघून काढली. मुंबईवरच्या थ्रिलरमध्ये धर्म इतक्या धीटपणे दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. राजकारणी भोसलेला निवडून आणायचं म्हणून डॉन गायतोंडे मुसलमानांना मतदानापासून रोखतो. त्यात श्रद्धा कुठाय? निव्वळ धंदा. तिकडे आश्रमवाले गुरुजी मधाळ आवाजात प्रलयाची तयारी करतायत. भागांची नावंही बघा. पहिल्या सीझनला अश्वत्थामा, हलाहल, ययाती, सगळी आपल्याकडची. दुसऱ्यात सिदुरी, बार्डो, अझ्राएल, म्हणजे गिल्गमेशच्या प्राचीन महाकाव्यापासून तिबेटपर्यंत सगळे आले. एकाच धर्माला झोडपलं म्हणायला जागा नाही. तरी लोकांची रडारड चालूच.

कुर्लेकरीण:
नावं वाटून दिली की न्याय झाला? इन्स्पेक्टर माजिद खान घ्या. नायक सरताज, शीख इन्स्पेक्टर, त्याला आई आहे, पोलिसातला बाप दिलबाग सिंग आहे, मोडलेला संसार आहे. हवालदार काटेकरला बायको-पोरं आहेत. माजिद मात्र आठवतो तो ठाण्यातलाच. त्याच्या घरचं काय आठवतं सांगा बघू!
आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. घरात कोकणी बोलतो, भांडतो मराठीत. ईदला आजी सांदणं करते आणि पहिलं सांदण फुगलं नाही तर नारळवाल्याचा उद्धार होतो. असलं घर मला मुंबईवरच्या एकाही क्राइम सिरीजमध्ये दिसलेलं नाही. मुसलमान म्हटला की सुरमा, कव्वाली आणि लखनौहून कालच उतरल्यासारखी भाषा.

दादर_स्लो:
ताई, मराठी माणसाचं तरी काय केलंय? डीसीपी पारुळकर लबाड, भोसले राजकारणी, गायतोंडे डॉन. सज्जन म्हणून एक हवालदार, त्यालाही पहिल्याच सीझनमध्ये संपवला. आमच्या आईने त्या दिवशी टीव्हीच बंद केला.

गिरगावकर:
काटेकरला नुसता सज्जन म्हणू नकोस रे. बांगलादेशी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. जितेंद्र जोशीने ती आठी लपवलेली नाही, म्हणून तो आपल्या चाळीतला वाटतो. आणि माजिदबद्दल, प्रत्येक पात्राचं घर दाखवत बसले तर गुन्ह्याचा तपास कधी करणार?

शीव_कोळीवाडा:
मी जीटीबी नगरची. फाळणीनंतर आलेल्या पंजाब्यांची वस्ती, त्यामुळे सरताज आमच्याकडे कौतुकाचा विषय होता. मुंबई पोलिसातला सरदार, तोही हसवायला आणलेला नाही! दुसऱ्या सीझनमध्ये तो कडं काढून समुद्रात फेकतो. कडं म्हणजे पाच ककारांपैकी, शिखांच्या पाच धर्मचिन्हांपैकी एक. तेव्हा अकाली दलात असलेल्या मनजिंदर सिंग सिरसांनी जाहीर आक्षेप घेतला होता. शेजारच्या आंटींना मात्र कड्याचं काहीच वाटलं नाही. त्यांचा राग पगडीवर. "आत केस आहेत असं वाटतच नाही, टोपीसारखी चढवलीय."
मला स्वतःला तो प्रसंग पटला. ज्याला कड्याचं काही वाटत नाही तो ते फेकेल कशाला? हातात तसंच राहू देईल.

कुर्लेकरीण:
बरोब्बर! सरताजला देवावर रुसता येतं. माजिदने असं काही केलं असतं तर तो लगेच "चांगला मुसलमान" ठरला असता, आणि नमाज पढताना दाखवला असता तर तुम्हीच म्हणाला असता, हा फुटलेला निघणार. म्हणून लेखकांनी त्याला कोराच ठेवला. याला तुम्ही धीटपणा म्हणताय.

गिरगावकर:
प्रेक्षकांच्या डोक्यातला संशय लेखकाच्या माथी का मारताय?

कुर्लेकरीण:
कारण तो संशय वापरूनच सस्पेन्स रचतात, आणि हे काय फक्त या एका सिरीजमध्ये नाही. नमाज, मग बॉम्ब, असे किती शॉट लागोपाठ बघितलेत ते आठवा. आरती, मग बॉम्ब, असा गुरुजींमुळे एकदा बघितला तर त्याला लगेच धीट म्हणालात.

दादर_स्लो:
आता गिरगावकर तिसऱ्यांदा बघायला बसणार.