‘शोकांतिका’ म्हणावे की ‘दुखवटा’?

प्रश्न : भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडार आणि खडी गंमत ही गाण्या-नाचाची लोकनाट्ये होत असतात. यंदा आम्ही काही जण दंडारीच्या चालींवर नव्या कविता बसवून एक प्रायोगिक नाटक उभे करीत आहोत. नाटक सुरू होते तेव्हा घरचा कर्ता माणूस जाऊन तीन दिवस झालेले असतात आणि तेरावा झाला की ते थांबते. पत्रकावर ‘शोकांतिका’ लिहावे काय? एका मुलीने ‘रडगाणे’ हा शब्द सुचवला, पण तो कोणाला रुचला नाही.

उत्तर १ : ‘शोकांतिका’ लिहू नये, कारण जिचा शेवट शोकात होतो ती शोकांतिका आणि तुमच्या नाटकाचा आरंभच शोकातून होतो. ‘शोक’ हा शब्द ‘शुच्’ या धातूवरून आला असून त्या धातूला जळणे आणि दुःख करणे असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे शोक हा ज्याचा त्याचा, आतल्या आत जळणारा. ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरताने त्याला करुण रसाचा स्थायी भाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी टिकून राहणारी भावना, मानले आणि विरहाच्या शृंगारापासून करुण वेगळा काढला, तो याच कारणाने की विरहात भेटीची आशा असते, करुणात ती उरलेली नसते. ‘दुखवटा’ मात्र चारचौघांचा असतो. तो पाळतात, त्याला दिवस असतात, सोयरे कपडे घेऊन येतात आणि तो रीतीने काढतात. तिसऱ्या दिवसापासून तेराव्यापर्यंतच्या नाटकाला याहून नेमका शब्द मला दिसत नाही.

उत्तर २ : ‘दुखवटा’ मलाही पटतो, जरी शहरातल्या वाचकाला त्यावरून आधी शासकीय दुखवटा आणि अर्ध्यावर उतरवलेला ध्वज आठवेल. मला अधिक बोलावेसे वाटते ते ‘रडगाणे’ या शब्दाविषयी. आज त्याचा अर्थ कुरकुर एवढाच उरला आहे, ‘गळा काढणे’ हाही हिणवण्याचा शब्द झाला आहे. पण गळा गाण्याचाही असतो, हेल बोलण्याचा आणि रडण्याचाही असतो, आणि या शब्दांनी रडणे व गाणे यांचे जुने नाते जपून ठेवले आहे. बापाच्या मरणाची खबर ऐकून सासरहून आलेली लेक अंगणातच ‘माझ्या बापा’ म्हणून हेल काढते, तेव्हा ती एकेका ओळीत एकेक आठवण सांगते, ओळ संपली की श्वास घेते, आणि बाकीच्या बायका नेमक्या त्या श्वासाच्या जागी आपला सूर मिळवतात. तुमच्या कवितांची यती, म्हणजे ओळीतला विसावा, तिथे पडली पाहिजे, आणि ढोलकीने तेवढा वेळ थांबले पाहिजे. म्हणून त्या मुलीचा शब्द टाकू नका. पत्रकावर नको असेल तर तो एखाद्या म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी, त्याच्या मूळ अर्थाने येऊ द्या.

प्रश्नकर्ता : पत्रकावर ‘दुखवटा’ आणि त्याखाली ‘दंडारीच्या चालींवरचे नाटक’ असे लिहितो. ‘रडगाणे’ हा शब्द आजीच्या पात्राला दिला आहे, आणि ती भूमिका तीच मुलगी करणार आहे.