पैशाच विवाहाला ‘विवाह’ का म्हटलंय?

मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार आहेत ना, त्यात झोपलेल्या, नशेतल्या किंवा भान नसलेल्या मुलीवर जबरदस्ती म्हणजे पैशाच. अरे हा तर सरळ गुन्हा आहे, मग लिस्टमध्ये कशाला?

चहाबाज: लिस्टमध्ये आहे म्हणजे परवानगी आहे असं नाही हो. मनूच म्हणतो पैशाच आणि आसुर कधीच करू नयेत. आसुर म्हणजे पैसे मोजून मुलगी घेणं, आणि बापाने थोडंसुद्धा शुल्क घेतलं तर तो पोरगी विकणारा, इतकं स्पष्ट. तरी महाभारतात पांडूसाठी माद्रीला मागताना भीष्माने तिच्या भावाला, शल्याला, धन दिलंच, कुळाची रीत म्हणून!

वऱ्हाडी: अन् आमची विदर्भाची रुक्मिणी? भागवतात तिनंच निरोप धाडला, राक्षस विधीनं, म्हणजे पळवून, घेऊन जा म्हणून. हरण राक्षस, पण मर्जी तिची, मग गांधर्व (दोघांच्या मर्जीचं) म्हणायचं का राक्षस?

चहाबाज: दोन्ही मिसळलेलं, क्षत्रियांना तेही चालतं म्हटलंय. बाकी स्त्रीधन, म्हणजे बाईचं स्वतःचं धन, कुणाला जाणार हेपण प्रकारावर ठरायचं, बाई निपुत्रिक वारली तर ब्राह्म, गांधर्व वगैरे पाच प्रकारांत ते नवऱ्याला, आसुर-राक्षस-पैशाचात तिच्या आईबापाला.

प्रश्नकर्ती: अच्छा, हे माहीतच नव्हतं!