व्हीएलएएसएसच्या तिसऱ्या फेरीत उगवलेला ठिपका: टीडीई की दुसरंच काही?

कृत्तिका_६
झेडटीएफ या प्रकाशीय सर्वेक्षणातल्या एका जुन्या टीडीईची (कृष्णविवराने तारा फाडल्याचा उद्रेक) जागा व्हीएलएएसएस या रेडिओ सर्वेक्षणाच्या क्विक लुक (झटपट बनवलेल्या) प्रतिमांत पाहिली. पहिल्या दोन फेऱ्यांत काही नाही, तिसरीत 3 गिगाहर्ट्झला 0.9 मिलीजान्स्की (फ्लक्सचं, म्हणजे रेडिओ तेजाचं एकक); आरएमएस, म्हणजे प्रतिमेतला गोंगाट, तिन्हींत 0.14. रेडशिफ्ट 0.05, उद्रेकाला 1000 दिवस होऊन गेलेत. इतक्या उशिरा रेडिओ येतो का? जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा वेळ मागण्याआधी काय तपासावं?

ध्रुवमत्स्य
येतो. एटी2018एचवायझेड हा टीडीई रेडिओत पहिल्यांदा 972 दिवसांनी दिसला. प्रकाशीय टीडीईंपैकी सुमारे 40 टक्के शेकडो-हजारो दिवसांनी रेडिओत सापडतात, असं 2023 चं सेंडेस व सहकाऱ्यांचं सर्वेक्षण सांगतं. काहींत मात्र उत्सर्जन मूळ दीर्घिकेचंच असण्याची शंका उरतेच.

आधी त्याच प्रतिमेतले ऋण खड्डे बघा. आसपास उणे 5 सिग्माचे (आरएमएसच्या पाचपट) खड्डे असतील तर तुमच्या 6.4 सिग्माला (0.9 भागिले 0.14) फार किंमत नाही. क्विक लुकचं क्लीनिंग उथळ असतं, त्यामुळे शेजारच्या तेजस्वी स्रोताचे साइडलोब (दुर्बिणीमुळे उमटणारे खोटे ठसे) पुरते पुसले जात नाहीत आणि ठिपक्यासारखेच दिसतात.

दुसरं, "आधी काही नव्हतं" म्हणजे 3 सिग्माने 0.42 पेक्षा कमी, एवढंच. पहिल्या फेरीचा क्विक लुक फ्लक्स 10-15 टक्के कमी येतो, तो धरला तर मर्यादा 0.48 च्या आसपास. म्हणजे सिद्ध होते ती जेमतेम दुप्पट वाढ. 'उगवला' म्हणायची घाई नको.

ताऱ्यांच्या निर्मितीचा हिशोबही करा. या अंतरावर वर्षाला 1 सौरवस्तुमान निर्मिती 3 गिगाहर्ट्झला साधारण 0.15 मिलीजान्स्की देते, आणि ती पसरलेली असते. जुना एजीएन (दीर्घिकेचं सक्रिय केंद्र) जागा झाला असेल, ती शक्यता जास्त त्रास देते. वाइज या अवरक्त दुर्बिणीचा डब्ल्यू1 वजा डब्ल्यू2 रंग 0.8 च्या वर असेल तर सावध.

चौदा_अँटेना
जीएमआरटीवर बँड 4 (कमी वारंवारता) आणि 5 (त्याहून जास्त) दोन्ही मागा, शक्यतो एकाच आठवड्यात. एटी2018एचवायझेडचा फ्लक्स काळाच्या जवळपास पाचव्या घातात वाढत होता. तसं असेल तर 1000 व्या दिवशी 100 दिवसांचा फरक म्हणजे 60 टक्के वाढ, आणि वेगवेगळ्या वेळचे बिंदू जोडून काढलेला स्पेक्ट्रम निव्वळ कल्पना. व्हीएलएएसएसचा बिंदूही त्यात जसाच्या तसा मिसळू नका.

बँड 4 ला काही दिसलं नाही तर हिरमुसू नका: सिंक्रोट्रॉन स्व-शोषणामुळे (स्रोत स्वतःचंच उत्सर्जन गिळतो) स्पेक्ट्रमच्या शिखराखालच्या वारंवारतांना फ्लक्स झपाट्याने पडतो आणि त्या शिखरावरूनच स्रोताची त्रिज्या निघते.

फ्लक्सच्या कॅलिब्रेशनसाठी 3सी286 किंवा 3सी48 (ज्ञात तेजाचे स्रोत), लक्ष्यावर दर 25-30 मिनिटांनी 5 मिनिटं फेज कॅलिब्रेटर. सेल्फ-कॅलमध्ये (क्षेत्राच्याच प्रतिमेवरून केलेलं कॅलिब्रेशन) आधी फक्त फेजच्या तीन-चार फेऱ्या. अॅम्प्लिट्यूडला घाईने हात लावला आणि तुमचा मंद स्रोत मॉडेलमध्ये नसला, तर त्याचाच फ्लक्स खाल्ला जातो. शेवटी क्षेत्रातल्या दहा स्थिर बिंदुस्रोतांचं जुन्या प्रतिमेशी गुणोत्तर काढा. सगळेच 15 टक्के चढे असतील तर तुमचाही तेवढाच चढा आहे. फ्लक्सच्या चुकीत 10 टक्के वर्गबेरजेने मिळवा.

कृत्तिका_६
तीन आर्कमिनिटांत सर्वात खोल खड्डा उणे 3.9 सिग्मा. ठिपका दीर्घिकेच्या केंद्रापासून 0.3 आर्कसेकंदावर. डब्ल्यू1 वजा डब्ल्यू2 0.1.

ध्रुवमत्स्य
बीम (प्रतिमेतल्या बिंदूची रुंदी) 2.5 आर्कसेकंदाचा, 6.4 सिग्मा, म्हणजे स्थानाची चूक 0.2. बसतंय. डीडीटी (संचालकांच्या राखीव वेळेसाठी अर्ज) टाका.