ऊनो ते ईएसपी३२: आधी एकेक बाजू वेगळी तपासा

तुम्ही विचारलंय की आर्डुइनो ऊनो बोर्डावरून वायरीने पाठवलेल्या मजकुराऐवजी ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डाच्या सीरियल मॉनिटरवर (संगणकावर मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं का येतायत. त्यावर या चर्चेत वर दोघांनी बॉड रेट, म्हणजे बिट पाठवायचा वेग, बदलायला सांगितलंय. ते बघाच, पण दोन्ही बोर्डांचं ग्राउंड एकमेकांना जोडलंय का? तुम्ही टीएक्स (पाठवायची) आणि आरएक्स (घ्यायची) अशा दोनच वायरी लिहिल्यात. ग्राउंड नसेल तर कधी चालेल, कधी नाही, आणि तुम्ही कोडमध्येच डोकं फोडत बसाल.

मग ऊनो बाजूला ठेवा. ईएसपी३२च्या १६ आणि १७ पिना एका जंपर वायरीने जोडा, कोडमध्ये सीरियल२ हा पोर्ट याच पिनांवर सुरू करा आणि त्यावर पाठवलेलं परत येतंय का बघा. आलं, तर ती बाजू ठीक. ऊनोवर मात्र सॉफ्टवेअरसीरियल (साध्या पिनांवरून सीरियल चालवणारी लायब्ररी) वापरून हीच चाचणी करू नका. ती लायब्ररी पाठवता पाठवता ऐकू शकत नाही, चांगला बोर्ड उगाच बाद ठरवाल. शिवाय तिच्यावर ११५२०० चा हट्टही नको, ९६०० ठेवा.

ऊनोचा टीएक्स ५ व्होल्टचा, ईएसपी३२ ३.३चा. मध्ये १ के आणि २ के रेझिस्टरांचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर घालाच: १ के ऊनोच्या टीएक्सपासून ईएसपी३२च्या आरएक्सपर्यंत, २ के त्या आरएक्सपासून ग्राउंडला. 'माझं तसंच चालतं' म्हणणारे भेटतील, त्यांचं त्यांना लखलाभ.

तरीही कचरा आला तर ऊनोवरून सलग 'यू' हे कॅपिटल अक्षर पाठवा. त्याचे बिट एकाआड एक बदलतात, त्यामुळे लॉजिक अ‍ॅनालायझरवर (वायरीवरचे बिट आलेखात दाखवणाऱ्या उपकरणावर) सरळ चौकोनी लाट दिसते. ९६००ला प्रत्येक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा हवा. ५२ दिसला तर ऊनो १९२००वर बोलतोय.