पी.टी.चा तास खेळातून घेता का? तुमचे अनुभव लिहा

यंदा बदली होऊन समुद्रालगतच्या द्विशिक्षकी शाळेत आलोय. पट १९. ‘सावधान-विश्राम’ सुरू केलं की पोरं झोपेत असल्यासारखी हात हलवतात. तीच मधल्या सुट्टीत साखळी खेळताना घंटाही ऐकत नाहीत. ज्यांनी खेळच तासाला आणले, त्यांनी काय केलं ते सांगा. फसलेलं आधी.

गुहागरकडचा शिक्षक

१९ म्हणजे खो-खोला नऊ-नऊ आणि वर एक पंच. नशीबवान आहात! (पहिली-दुसरीतली चिमुरडी नऊमध्ये धरू नका, ती बसल्या बसल्या वाळूत किल्ला करतात.)

आमचं मैदान म्हणजे पुळण, किनाऱ्याची वाळू. खांबांच्या जागी दोन मोडकी वल्ही पुरतो. वेळापत्रक मात्र समुद्राचं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे इथल्या प्रत्येक खारव्याच्या (मच्छीमाराच्या) घरात ठाऊक असतं. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे चारच्या तासाला मैदानावर पाणी. पौर्णिमेला सव्वाअकराला, म्हणजे चारपर्यंत पाणी बरंच उतरून वाळू ओली, घट्ट. हा हिशोब आता पाचवीची पोरं फळ्यावर मांडतात. पाऊणकी शिकवायला मला वेगळा तास लागला नाही.

आणि ओल्या वाळूची खरी गंमत वेगळीच. उठलेला गडी मध्येच उलटा फिरला की नाही, गडी बसतात ती मधली पाटी ओलांडली की नाही, यावर आधी रोज मारामाऱ्या. आता कोणी ओरडलं की सगळे खाली वाकून पावलं बघतात. पावलं खोटं बोलत नाहीत, त्यामुळे मला शिट्टीच फारशी वाजवावी लागत नाही.

मालवणकडची बाई

माझं फसलेलं. शिवाशिवी घ्यायचे. एक जाडसर मुलगा रोज पहिल्या मिनिटाला बाद, मग उरलेला तास कट्ट्यावर. एक दिवस मी बोलवायच्या आधीच म्हणाला, “बाई, मी हयच बसतंय.” ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच मी बसवत होते. तेव्हापासून विष-अमृत. विष मिळालेला पुतळा होतो, दुसऱ्याने अमृत दिलं की पुन्हा पळतो. कायमचा बाद कोणीच नाही. लंगडीतही बाद झालेल्याने सुरूच्या झाडाला शिवून परत यायचं. तो मुलगा अमृत द्यायला मात्र जोरात धावतो.

रत्नागिरीजवळून

आमच्याकडे पालक विचारतात, “खेळायलाच पाठवलंय काय?” सध्या एवढंच.

देवगडकडचा, आता निवृत्त

चिऱ्याचं अंगण श्रावणात शेवाळतं. लंगडी घेतली, एका मुलीचं मनगट मोडलं. चूक माझी, आदल्या दिवशी मीच तिथे घसरलो होतो. नंतर पावसाळाभर पडवीत. कबड्डीची चढाई ३० सेकंदांची, तर बसल्या जागी एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ किती वेळ टिकतं ते घड्याळावर मोजायचो. भिंतीवर खडूने आकडे. शेवटी आवाजामुळे शेजारचा वर्ग वैतागला, हेही सांगून ठेवतो.

पुन्हा गुहागरकडचा

एक राहिलं. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपणच जिंकलो. मोबाइलवर पोरांना सामना दाखवला. सगळे मॅट बघून गप्प. मग चौथीतली एक म्हणाली, “गुरुजी, हयां पावलां दिसनत नाय. मगे भांडाण कसा सोडवतत?”